चाकाचे माप आणि मालाची प्रत
पनवेल परिसरातील टायर विक्रेते, रिमोल्ड कारखानदार आणि पंक्चर कारागिरांसाठी काही उपयुक्त माहिती

पनवेल आणि चाक यांचे नाते फार जुने आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. त्या काळी मुंबईहून मचव्याने यायचे, पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून गाडी करून घाट चढायचा, असा पुण्याच्या प्रवासाचा क्रम असे. साहजिकच गाडी आणि चाक हा येथील मोठा धंदा झाला. इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरमध्ये पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांची खास नोंद आहे.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविणे हे त्या काळी मोठ्या हुनराचे काम मानले जाई. लोहार आधी चाकाचा घेर मोजून घेई आणि धाव त्यापेक्षा किंचित लहान ठेवी. मग ती तापवून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आवळले की आरे आणि तुंबा घट्ट बसत. धाव मापापेक्षा मोठी झाली तर चार दिवसांत निसटे, फार लहान झाली तर लाकूड चिरडे. म्हणजे चाकाच्या धंद्यात माप हीच पहिली गोष्ट, हे आपल्या जुन्या कारागिरांना शाळेत न जाताही ठाऊक होते.

आज लोखंडी धावेची जागा रबराच्या टायरने घेतली आहे. पनवेलच्या एका बाजूला मुंबई-पुणे जुना रस्ता आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, दुसऱ्या बाजूला पळस्प्याहून निघणारा गोवा महामार्ग, तिसऱ्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा, शिवाय कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याचे कारखाने. इतकी चाके ज्या गावाभोवती फिरतात, त्या गावात टायरचा धंदा वाढणे स्वाभाविक आहे. पंक्चरच्या टपरीपासून रिमोल्डच्या कारखान्यापर्यंत या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. 'पंक्चरवाला' हा शब्द काही लोक आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरतात, हेही आम्ही ऐकून आहोत. आमच्या मते यात शरमेचे काही नाही. बोरघाट उतरणाऱ्या गाडीतील माणसांचे प्राण ज्याच्या कामावर अवलंबून असतात, त्याचा धंदा हलका कसा म्हणावा? परंतु हा मान मागून मिळत नाही, तो कामातून मिळवावा लागतो. त्यासाठी माप आणि प्रत या दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात.

माप कसे वाचावे

टायरच्या बाजूवर लिहिलेली अक्षरे म्हणजे त्याचा पूर्ण दाखला आहे. उदाहरणार्थ, मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे असते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे टायर रेडियल आहे. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा वजनाचा आकडा आहे. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो भार उचलू शकतो. 'एच' हे वेगाचे अक्षर असून ताशी २१० किलोमीटरची मर्यादा दाखविते. स्कूटरच्या ९०/१००-१० ५३ जे या टायरवर ५३ म्हणजे २०६ किलो आणि 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर.

जुन्या पद्धतीच्या मापात सर्व हिशेब इंचांत असतो. रिक्षाचा ४.००-८ टायर म्हणजे रुंदी ४ इंच, रिम ८ इंच. ट्रकचा १०.००-२० म्हणजे रुंदी १० इंच, रिम २० इंच. मधली आडवी रेघ असेल तर टायर साध्या नायलॉन बांधणीचा, 'आर' असेल तर रेडियल. 'पीआर' म्हणजे प्लाय रेटिंग. १६ पीआर लिहिले म्हणून आत १६ थर असतातच असे नाही. पूर्वी सुती धाग्याचे तितके थर जेवढी ताकद देत, तेवढी ताकद या टायरमध्ये आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गिऱ्हाईक नुसते "वीसचा टायर द्या" म्हणाले तरी दुकानदाराने रुंदी, बांधणी आणि भाराचा आकडा विचारल्याशिवाय माल देऊ नये. एकाच आखावर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल हे तर कधीच चालवू नये. दोन्हींची रस्त्यावरची पकड आणि वळणावरचे वागणे वेगळे असते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाते.

चुकीच्या मापाचा हिशेब

"थोडे मोठे माप टाकले तर काय बिघडते?" असा प्रश्न नेहमी केला जातो. हिशेब करून पाहू. १८५/६५ आर १५ या टायरच्या बाजूची उंची १२०.२५ मिलिमीटर. अशा दोन बाजू म्हणजे २४०.५, त्यात १५ इंचांच्या रिमचे ३८१ मिलिमीटर मिळविले की एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. त्याच रिमवर २०५/६५ आर १५ चढविला तर व्यास ६४७.५ होतो. फरक ४ टक्क्यांहून थोडा अधिक. म्हणजे मीटरवर ८० चा वेग दिसतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते. शिवाय चाक पूर्ण वळविले असता टायर आतून घासण्याची भीती राहते. रिमच्या रुंदीला न शोभणारा टायर बसविला तर कडा नीट बसत नाहीत, हा आणखी एक दोष. कंपनीने गाडीच्या दारावर वा पुस्तिकेत दिलेले माप सोडून दुसरे माप द्यायचेच झाले, तर एकूण व्यासाचा हिशेब आधी कागदावर करावा. हा हिशेब दहावी झालेल्या मुलालाही पाच मिनिटांत शिकविता येतो.

जोडीच्या टायरचे नुकसान

ट्रकच्या मागच्या आखावर प्रत्येक बाजूला दोन टायर जोडीने असतात. खरे नुकसान येथे होते आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १०.००-२० टायरचा व्यास साधारण १ मीटर ५ सेंटिमीटर असतो. जोडीतला एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला, दोघांच्या व्यासात फक्त १० मिलिमीटरचा फरक आहे, असे धरू. घेरात तो फरक ३१ मिलिमीटरच्या वर जातो. एका किलोमीटरला चाक सुमारे ३०० फेरे घेते. दोन्ही टायर एकाच चाकपाट्याला आवळलेले असल्याने फेरे सारखेच होतात. पण मोठ्या टायरला प्रत्येक किलोमीटरमागे साधारण साडेनऊ मीटर जास्त अंतर कापायचे असते. ते जमत नाही, म्हणून दोघांपैकी एक टायर रस्त्यावर फरफटत जातो. शंभर किलोमीटरच्या फेरीत ही फरफट साडेनऊशे मीटरवर जाते. त्याच वेळी मोठा टायर आपल्या वाट्यापेक्षा अधिक भार उचलतो, तापतो आणि बहुधा घाटातच फुटतो. मालक म्हणतो, कंपनीचा माल खराब निघाला!

यावर उपाय सोपा आहे. जोडी लावताना दोघांच्या व्यासातील फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवावा. थोडा फरक राहिलाच तर लहान टायर आतल्या बाजूस घालावा, कारण रस्ता मध्ये उंच असल्यामुळे आतल्या टायरवर आधीच अधिक भार येतो. माप घेण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हवा भरलेल्या टायरभोवती पोलादी फीत गुंडाळावी आणि आलेल्या घेराला ३.१४ ने भागावे. दुसरी रीत अशी की टायरवर खडूची खूण करावी, सपाट जमिनीवर एक पूर्ण फेरा फिरवावा आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. मात्र दोन्ही टायरमध्ये हवा सारखी हवी, नाहीतर माप फसवे येते.

खेळण्यातील मोटारींचा धडा

परदेशात 'स्लॉट कार' नावाचा एक खेळ आहे. पटरीवर खाच असते, त्या खाचेतून विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारी धावतात. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस या कारखानदाराने १९५७ मध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' नावाने हा खेळ बाजारात आणला. या मोटारी बहुधा खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या असतात, म्हणजे तळहातावर मावतील एवढ्या. खेळ मुलांचा असला तरी त्यात मोठी माणसेही शर्यती लावतात, आणि त्यांचा निम्मा वेळ टायर नीट करण्यात जातो.

हा दाखला देण्याचे कारण असे की तेथील कायदे आपल्या ट्रकच्या कायद्यांसारखेच आहेत. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि पूर्ण गोल नसतील तर मोटार उड्या मारते आणि वळणावर खाचेतून बाहेर पडते. म्हणून शौकीन लोक टायर रिमवर चिकटवितात आणि चाक फिरते ठेवून खरकागदावर घासून गोल करतात. आपल्या रिमोल्ड कारखान्यातील बफिंग हेच की! रबर मऊ असेल तर पकड चांगली पण झीज लवकर. कडक असेल तर टिकते पण घसरते. साध्या रबराचे, स्पंजाचे, युरेथेनचे आणि सिलिकॉनचे असे वेगवेगळे टायर ते पटरीच्या पृष्ठभागाप्रमाणे निवडतात. सिलिकॉनचा टायर स्वच्छ गुळगुळीत पटरीवर उत्तम चालतो, पण त्यावर धूळ बसली की पकड जाते. म्हणून शर्यतीआधी तो चिकटपट्टीने पुसून घेतात. इतक्या लहान चाकासाठी जे लोक मिलिमीटरचा दशांश मोजतात, त्यांच्यापासून ट्रकचा भार वाहणाऱ्या चाकाच्या कारागिराने काही शिकण्यास हरकत नाही.

रबराचा कडकपणा मोजण्याचे एक लहान घड्याळासारखे साधन मिळते. त्याच्या एककाला 'शोअर ए' म्हणतात. टायर किंवा रिमोल्डचा पट्टा विकत घेताना या साधनाचा उपयोग होतो. एकाच खेपेतील दोन पट्ट्यांत आठ-दहा आकड्यांचा फरक येत असेल तर माल एकसारखा शिजलेला नाही, असे समजावे.

प्रत कशी ओळखावी

पहिली गोष्ट म्हणजे आयएसआय खूण. केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या हवेच्या टायर-ट्यूबला भारतीय मानक ब्युरोची ही खूण सक्तीची केली. दुचाकी-तिचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७, मोटारींसाठी आयएस १५६३३, ट्रक-बससाठी आयएस १५६३६ आणि ट्यूबसाठी आयएस १३०९८ असे मानकांचे क्रमांक आहेत. हे चार क्रमांक दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे जन्मतारीख. बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. केवळ तीन आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. तो कितीही चकचकीत दिसला तरी गाडीला लावण्यासारखा नाही. रबर हे वापराविनाही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षे वापरलेल्या टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो काढून टाकावा, असा सल्ला अनेक कंपन्या देतात. दुकानात माल ठेवतानाही काळजी हवी. टायर उन्हात, वेल्डिंगजवळ किंवा विजेच्या मोटारीजवळ ठेवू नयेत, कारण ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो. तेल आणि ग्रीसचा स्पर्श होऊ देऊ नये. ट्यूब खिळ्याला टांगू नये. आधी आलेला माल आधी विकावा.

तिसरी गोष्ट खोबणीची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे दुचाकी-तिचाकीच्या टायरची खोबण ०.८ मिलिमीटरपेक्षा आणि इतर वाहनांची १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. खोबणीच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. कोकणच्या पावसाळ्यात या नियमाचे महत्त्व दुप्पट होते. खोबण पाणी बाहेर फेकते. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगू लागतो, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी.

रिमोल्डचा हिशेब

रिमोल्ड हा कमी प्रतीचा धंदा नाही. चांगल्या कॅसिंगवर चांगला पट्टा चढविला तर मालकाचा पैसा वाचतो आणि रबरही वाचते. हिशेब किलोमीटरमागे करावा. समजा, नवा टायर २०,००० रुपयांचा आणि तो ८०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २५ पैसे पडले. त्यावर ७,००० रुपयांत रिमोल्ड करून तो ५०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १४ पैसे. मात्र नव्या आणि रिमोल्ड मालातील करांचे गणित आता बदलले आहे. नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. रिमोल्ड केलेल्या टायरवर २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. म्हणजे करामुळे रिमोल्डला जो फायदा होता तो उरलेला नाही. आता रिमोल्डवाल्याने केवळ स्वस्त म्हणून विकून चालणार नाही, प्रत दाखवूनच विकावे लागेल.

प्रत टिकविण्याचे मुद्दे असे. पहिले काम कॅसिंगची निवड. आत हात फिरवून आणि दिव्याखाली पाहून धागे तुटलेले, कड फाटलेली किंवा बाजू फुगलेली कॅसिंगे बाजूला काढावीत. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. दुसरे काम बफिंग. ठरलेल्या घेरापर्यंतच घासावे. फार घासले तर रेडियलचा पोलादी पट्टा उघडा पडून गंजतो. वेडेवाकडे घासले तर टायर गोल राहत नाही. बफिंगनंतर घेर मोजून वहीत लिहावा आणि त्याच मापाने पट्टा कापावा. पट्टा ताणून जोडण्याची सवय वाईट. सांधा तेथेच उघडतो. तिसरे काम सोल्युशन लावण्याचे. घासलेल्या रबरावर धूळ आणि दमट हवा बसण्याच्या आत ते लागले पाहिजे. पनवेलचा पावसाळा येथे मोठा शत्रू आहे. कॅसिंग ओलसर असेल तर चेंबरमध्ये पाण्याची वाफ होते आणि पट्टा पोकळ राहतो. जून ते सप्टेंबर कॅसिंग आधी कोरड्या खोलीत सुकवावे. चौथे काम शिजवण्याचे. साच्यातील गरम पद्धतीत उष्णता साधारण १५० अंशांपर्यंत, तर आधीच शिजलेल्या पट्ट्याच्या पद्धतीत १०० अंशांच्या आसपास असते. वेळ आणि उष्णता कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवावी. विजेचा खर्च वाचविण्यासाठी वेळ कापणे म्हणजे अर्धा कच्चा माल विकणे होय. रिमोल्ड टायर पुढच्या आखाला न लावण्याचा सल्लाही गिऱ्हाइकाला द्यावा.

कारागिराचा जीव

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ट्रकच्या जुन्या रिमला बाहेरून पोलादी रिंग असते. ती नीट बसली नसेल आणि हवा भरली गेली, तर रिंग तोफेच्या गोळ्यासारखी उडते. हात, तोंड आणि प्राण गेल्याच्या घटना या धंद्यात घडत आलेल्या आहेत. अशा टायरमध्ये हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावी. नळी लांब असावी, तोंडाला आपोआप पकडणारा चाप असावा आणि माणसाने बाजूला उभे राहावे. वाकलेली किंवा गंजलेली रिंग पुन्हा वापरू नये. दुसऱ्या मापाची रिंग हातोड्याने ठोकून बसविणे तर आत्महत्याच आहे.

कमी हवेवर लांब चाललेल्या रेडियल टायरच्या बाजूचे पोलादी तार आतून तुटलेले असतात. बाहेरून काही दिसत नाही. पण पुन्हा हवा भरताच बाजू झिपसारखी फाटते. म्हणून असा टायर आधी काढून आतून पाहावा. तसेच टायर चढविलेल्या रिमवर वेल्डिंग करू नये. आतील रबर तापून वायू होतो आणि हवा काढलेली असली तरी स्फोट होऊ शकतो.

ट्यूबलेस टायरचे पंक्चर केवळ तळव्यावर आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचे काढावे. बाजूचे छिद्र बुजवू नये. दोरीचे पंक्चर हे तात्पुरते काम आहे. टायर उतरवून आतून पॅच लावणे हे पक्के काम. गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक सांगावा आणि दोन्हींचे दर लिहून लावावेत.

टाकाऊ टायरचे काय?

पूर्वी टाकाऊ टायरच्या चपला, पट्टे, बादल्या होत आणि उरलेला माल भट्टीत जाई. आता कायदा बदलला आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायर बनविणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के, असे हे प्रमाण आहे. नोंदणी केलेल्या पुनर्वापर कारखान्यांकडून कंपन्यांना त्यासाठी प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. रिमोल्ड करणाऱ्यांनाही या व्यवस्थेत नोंदणी करता येते. याचा अर्थ भंगारातील टायरला आता कागदाची किंमत आली आहे. ज्या भंगारवाल्याकडे वजनाची पावती आणि नोंदणीकृत खरेदीदार असेल, त्याचा धंदा वाढेल. जो उघड्यावर टायर जाळून तार काढील, त्याच्यावर कारवाई होईल. टायरच्या धुराने प्रथम आपल्याच वस्तीतील मुले आजारी पडतात, हेही विसरू नये.

इमानाचा सौदा

आता थोडे कटू बोलतो. जुन्या मालाच्या बाजारात गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने नवी खोबण कोरतात, वर काळा रंग मारतात आणि 'कमी वापरलेला' म्हणून विकतात. कोरल्यामुळे उरलेसुरले रबर आणखी पातळ होते. असा टायर घेणारा बहुधा गरीब रिक्षावाला किंवा टेम्पोवाला असतो. तो फुटला की एक घर उघडे पडते. जन्मतारखेचे आकडे घासून काढणे, रिमोल्ड टायर नवा म्हणून देणे हे त्याचेच भाऊबंद.

आपल्या दीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांबद्दल किती सक्त इशारा आहे, हे सांगण्याची गरज नाही. पवित्र कुरआनची ८३ वी सूरह याच विषयावर सुरू होते आणि तिचे नावही त्यावरूनच आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घालून पाहतात, आत धान्य ओले लागते, विक्रेता पावसाचे कारण सांगतो आणि पैगंबर त्याला ओला माल वर का ठेवला नाहीस असे विचारतात, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धान्याची रास आणि टायरची रास यांत फरक तो काय? माल जुना असेल तर जुना म्हणून विका. रिमोल्ड असेल तर बिलावर रिमोल्ड लिहा. दोष गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडेल असा वर ठेवा. जुना माल विकणे हराम नाही. त्याचे जुनेपण लपविणे हराम आहे.

यात दुनियेचाही फायदा आहे. सरकारी तपासणी दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याने झिजलेल्या टायरची तपासणी सुरू केली. बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या वाहतूक कंपन्या आता टायरनिहाय नोंद मागतात. पक्के बिल, मापाची वही आणि लेखी हमी ज्याच्याकडे आहे, त्यालाच ही कामे मिळतील.

आमच्या सूचना

पनवेल, कळंबोली आणि तळोजा येथील या धंद्यातील बांधवांनी एकत्र येऊन काही गोष्टी केल्या, तर थोड्या खर्चात मोठे काम होईल, असे आम्हास वाटते. प्रत्येक दुकानात खोबण मोजण्याचे गेज, खात्रीचे हवेचे मीटर आणि पोलादी फीत असावी. हवेचे मीटर दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. प्रत्येक जोडीचा घेर आणि तारीख वहीत लिहावी. चार-पाच टपऱ्यांनी मिळून एक लोखंडी पिंजरा बनवून घ्यावा. आपल्यातलेच वेल्डर ते काम करतील. ईदनंतरच्या मोकळ्या दिवसांत एखाद्या जाणत्या उस्तादाकडून तरुण मुलांना मापाचे आणि सुरक्षिततेचे दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. मुलांना आयटीआयचा दाखला मिळत असेल तर तोही घ्यावा, कारण हुनर हातात असले तरी कर्ज आणि कंत्राट कागदावर मिळते.

पनवेलच्या चाकाला एके काळी नाव होते, ते त्या कारागिरांच्या मापामुळे. लाकूड गेले, रबर आले. मापाची आणि इमानाची गरज मात्र तीच आहे. अल्लाह आपल्या बांधवांच्या हलाल कमाईत बरकत देवो.